जायबंदी कामगाराचा हक्क : १८८४ च्या अर्जापासून

सन १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात २३ आणि २६ या तारखांस मुंबईत परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. सभा बोलावणारे गृहस्थ होते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते; कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधू’ पत्र १८८० पासून मुंबईत चालविणारे संपादक. मुंबई सरकारने त्या साली कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे ठेवावयाच्या मागण्या या सभांनी ठरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाच होत्या. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. आणि पाचवी अशी की, काम करताना ज्याला जबर दुखापत होईल त्याला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य तरतूद व्हावी.

पहिल्या चार मागण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रविवारच्या सुट्टीचे श्रेय लोखंडे यांना देताना तर आजही कोणी हात आखडता घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पाचव्या मागणीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. वास्तविक पाहता पाचांमध्ये हीच मागणी सर्वांत धीट होती. पहिल्या चारांत कामगार घड्याळाविषयी आणि पगाराच्या तारखेविषयी बोलत होता. पाचवीत तो आपल्या शरीराविषयी बोलत होता, आणि बोलताना अपघात कोणाच्या चुकीने झाला हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. काम करताना हात गेला, तर त्या हाताची जबाबदारी कामावर आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

हे म्हणणे किती पुढचे होते हे कळण्यासाठी त्या काळच्या इंग्रजी कायद्याकडे पाहावे लागते. १८३७ साली इंग्लंडमध्ये ‘प्रीस्टले विरुद्ध फाउलर’ या नावाचा खटला झाला. एका खाटकाच्या नोकरीतला मुलगा मालकाच्या गाडीवरून माल नेत असता, फाजील ओझ्याने गाडी मोडून त्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. वरिष्ठ न्यायालयाने ते काढून घेतले. नोकराने कामाचा धोका पत्करूनच नोकरी धरलेली असते, अशी त्यामागची विचारसरणी. या निकालातून पुढे असा सिद्धान्त रूढ झाला की, सोबतच्या नोकराच्या हयगयीने एखाद्या नोकराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. शिवाय इजा झालेल्याचा स्वतःचा थोडाही निष्काळजीपणा दिसला की त्याचा दावा बुडाला. जेथे शेकडो माणसे एका छपराखाली राबतात, तेथे कोणता ना कोणता अपघात सोबत्याच्या हातून घडणारच. म्हणजे कारखाना जेवढा मोठा, तेवढा मालक सुरक्षित, असा हा उफराटा न्याय होता. १८८० च्या इंग्लिश कायद्याने त्यात काही फटी पाडल्या, परंतु मालकाचा किंवा त्याच्या माणसाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्याच डोक्यावर राहिले. दोष कोणाचा हे न पाहता भरपाई द्यावी ही कल्पना जर्मनीत बिस्मार्कच्या अपघात विमा कायद्याने १८८४ च्याच जुलैमध्ये मान्य केली. परळच्या सभेला त्याची वार्ता होती असे मानण्यास आधार नाही.

हिंदुस्थानात १८५५ चा प्राणांतिक अपघातांविषयीचा कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना दावा लावण्याची मुभा त्याने दिली होती. पण दावा दिवाणी कोर्टात, पुरावा चुकीचा, आणि खर्च आपला. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराच्या विधवेला असा कायदा असून नसून सारखाच.

गिरणीतील इजा कशा होत, हे समजण्यास फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. एका इंजिनाच्या जोरावर छताखालचा लांब दांडा फिरे, आणि त्यावरून उतरलेले चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्राला गती देत. चालत्या पट्ट्यात धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा बाही अडकली की माणूस ओढला जाई. कार्डिंग खात्यात बोटे जात. साचेखात्यात मागावरून निसटलेला धोटा शेजारच्या साचेवाल्याच्या डोळ्याला लागे. यात दोष कोणाचा, या प्रश्नाला पुष्कळदा उत्तरच नसते. यंत्र तसे असते आणि काम तसे असते.

रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली होती आणि तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली होती. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला आणि विश्रांतीला कायद्याचे रूप आले. लोखंडे यांच्या संघटनेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम, असे दोष तेव्हाही दाखविले गेले आणि आजही दाखविले जातात. ते खरेही आहेत. तरीही चार मागण्यांचा पाठपुरावा या विस्कळीत संघटनेने केला, हे नाकारता येत नाही. पाचवी मागणी तशीच राहिली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत लोखंडे वारले. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने दोषाचा प्रश्न बाजूस सारून भरपाई देणारा कायदा संमत केला.

आपल्याकडे तो येण्यास आणखी सव्वीस वर्षे जावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, मुंबईत व इतरत्र मोठे संप झाले, १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस. या सर्व घडामोडींत एक मराठी नाव सतत दिसते, ते नारायण मल्हार जोशी यांचे. ‘रागिणी’कार वामन मल्हार जोशी यांचे हे वडील बंधू. भारत सेवक समाजाचे सदस्य असलेल्या जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांच्या वतीने बसले. त्यांचे बोलणे आकड्यांचे व कलमांचे असे. सभा गाजविणारा वक्ता म्हणून त्यांची ख्याती नव्हती. कायदेमंडळाचे सभासद, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी आणि वैद्यक व विमा या क्षेत्रांतील जाणकार यांच्या समितीने १९२२ मध्ये मसुद्याचा विचार केला. १९२३ सालचा आठवा कायदा म्हणून ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. अर्जापासून कायद्यापर्यंत चाळीस वर्षे.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. नोकरीमुळे आणि नोकरी चालू असताना उद्भवलेल्या अपघाताने कामगाराला इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यावी. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. दावा दिवाणी कोर्टात न जाता या कामासाठी नेमलेल्या आयुक्तापुढे चालावा. परंतु जे दिले ते मोजून आणि कात्री लावून दिले होते. मृत्यू आल्यास तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, यांतही कमी असेल ती. पहिल्या दहा दिवसांच्या दुखण्याला काहीच नाही. शेतमजूर तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हता.

अंशतः अपंगत्वासाठी कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते, आणि कायद्याची सारी वृत्ती त्यात दिसते. उजवा हात कोपरापाशी किंवा वर तुटल्यास कमाईची शक्ती शेकडा ७० ने घटली असे धरावे. डावा असल्यास ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. बाकीचे कोणतेही बोट ५. महिना तीस रुपये मिळविणारा एखादा कामगार कल्पिला, तर त्याच्या अंगठ्याचे तीनशे पंधरा रुपये होतात आणि तर्जनीचे एकशे सव्वीस. जिवाचे नऊशे. हे कोष्टक वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. कोष्टक येण्यापूर्वी अंगठ्याची किंमत मालकाच्या मर्जीइतकी होती. मर्जी असेल तर दहा रुपये, नसेल तर काही नाही. कोष्टकाने दर ठरविला, आणि दर ठरला म्हणजे तो मागता येतो. हक्क आणि दान यांतील फरक या रूक्ष आकड्यांत आहे.

अंगठ्याची आणखी एक गोष्ट आहे. निरक्षर कामगाराचा अंगठा कामाचे हत्यार तर होताच, त्याची सहीही तोच होता. थोडी रोकड हातावर ठेवून ‘माझे काही येणे राहिले नाही’ अशा कागदावर अंगठा उठवून घेणे, हा भरपाई चुकविण्याचा सर्वांत सोपा मार्ग. कायदा करणाऱ्यांना याची जाणीव होती. म्हणून हक्क सोडून देणारा कोणताही करार निरर्थक ठरेल असे सतराव्या कलमात आले. रक्कम परस्पर ठरविली असल्यास तो करार मालकाने आयुक्ताकडे नोंदविण्यासाठी पाठवावा, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक, दडपण यांचा संशय आला तर आयुक्ताने नोंद नाकारावी, असे अठ्ठाविसावे कलम सांगते. आठवे कलम तर याहून सूक्ष्म. कामगार मेला असेल, तर भरपाई मालकाने विधवेच्या हाती परस्पर देऊन चालत नाही. ती आयुक्ताकडे जमा करावी लागते आणि आयुक्त ती अवलंबितांत वाटून देतो. परस्पर दिलेले पैसे दिल्यासारखे धरले जात नाहीत. पैसे आले की भोवती जमणारे दीर, सावकार आणि मुकादम हे ज्याच्या डोळ्यांपुढे होते, अशा कोणीतरी हे कलम लिहिले असावे. आणि ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर मूळ मालकाकडून भरपाई मागता येईल, हे बारावे कलमही पहिल्यापासूनच होते.

कलमे कागदावर कितीही चांगली असली तरी ती वापरायला माणसाला ती आहेत हे कळावे लागते. अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर द्यायची, अर्ज ठरलेल्या मुदतीत करायचा. मूळ कायद्यात ही मुदत अवघी सहा महिन्यांची होती. सूचना कोणी लिहायची? येथे सोशल सर्व्हिस लीगच्या दुसऱ्या कामाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. कामगार वस्तीत या संस्थेने रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालविली होती. कायदेमंडळात भरपाईच्या कायद्यासाठी झगडणारा माणूस आणि परळच्या चाळीत कंदिलाखाली वाचनालय उघडणारा माणूस एकच होता. एका कामाखेरीज दुसरे पुरे होत नाही हे जोशी यांना ठाऊक असावे. ज्या काळात आपल्याकडची जुनी ग्रंथालये बहुतांशी पांढरपेशांपुरती होती, त्या काळातली ही हकीकत ग्रंथालयाच्या इतिहासातही नोंदली जावी अशी आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी वाचकांच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२३ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. होळकर, शिंदे, गायकवाड किंवा निजाम यांच्या मुलखातील गिरण्यांना तो आपोआप लागू होत नसे. एकाच कापसाचे सूत, एकाच बनावटीचे यंत्र. पण तुटलेल्या बोटाचा हक्क सरहद्दीप्रमाणे बदलत होता. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, तेव्हा ही सरहद्द पुसली गेली.

यानंतरचा इतिहास मुख्यतः न्यायालयांत घडला, आणि तो दोन प्रश्नांभोवती फिरतो. पहिला असा की, माणूस कामावर नेमका केव्हापासून केव्हापर्यंत असतो? मुंबईच्या बेस्ट उपक्रमातील एका बसचालकाने जोगेश्वरीच्या आगारात पाळी संपविली आणि तो दुसऱ्या बेस्ट बसने घरी निघाला. वाटेत ती बस उभ्या लॉरीवर आदळली व तो दगावला. पाळी संपली होती, तेव्हा नोकरीही संपली, हे उपक्रमाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ते बहुमताने फेटाळले. एवढ्या मोठ्या शहरात चालकांनी वेळेवर यावे म्हणून त्यांना गणवेशात बसने फुकट प्रवासाची सोय दिलेली आहे. ती सेवेच्या सोयीसाठी आहे. म्हणून तो प्रवासही नोकरीचाच भाग होय, असा निर्णय झाला आणि त्याच्या विधवेला भरपाई मिळाली.

दुसरा प्रश्न कोष्टकाचा. ओडिशातील एक सुतार १९६८ साली चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असता पडला. त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाने परिशिष्टावर बोट ठेवले : हे अंशतः अपंगत्व, त्याचा ठरलेला शेकडा दर द्यावा. आयुक्ताने मात्र एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण, असे मानून ९,८०० रुपये दिले आणि चालढकलीबद्दल पन्नास टक्के दंडही बसविला. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे उचलून धरले. हात किती इंच उरला याच्याइतकेच, तो माणूस कोणते काम करीत होता हेही महत्त्वाचे, ही गोष्ट तेव्हा निश्चित झाली. भरपाई निकालाच्या दिवसापासून नव्हे, अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात आले. कारखान्यातल्या कोष्टकाला माणसाचा चेहरा देणारा हा निकाल कायद्याच्या पुस्तकांबाहेर फारसा कोणाला माहीत नाही.

मोठ्या कारखान्यांतील कामगारांसाठी दरम्यान वेगळी वाट निघाली होती. प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये आरोग्य विम्याची योजना सादर केली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे त्याची सुरुवात झाली. या योजनेत एकरकमी भरपाईऐवजी कायम अपंगाला दरमहा रक्कम मिळते, आणि तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या नव्वद टक्के. ज्याला हा विमा आहे त्याला १९२३ च्या कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही.

विमा नसलेल्यांसाठी मूळ कायदा दुरुस्त होत राहिला. ‘जी कमी असेल ती रक्कम’ ही कात्री गेली आणि १९८४ नंतर वयानुसार गुणक आले. वीट, वाळू, तारा आणि टाक्या यांच्यात राबणाऱ्या ठेकेदारी मजुराला हाच कायदा उरला होता. २०१० च्या जानेवारीपासून ‘कामगार’ या शब्दाऐवजी ‘कर्मचारी’ आला. चाळीस वर्षांच्या माणसाचा पगार पंधरा हजार धरला तर अलीकडच्या हिशेबाने त्याच्या अंगठ्याचे, म्हणजे तीस टक्क्यांचे, ४,९७,२५९ रुपये होतात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९२३ च्या कायद्याची जागा तिने घेतली. घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध जुळत असल्यास, भरपाईस पात्र आहे असे ही संहिता आता स्पष्ट सांगते.

हा मुद्दा स्पष्ट होण्याआधी मराठवाड्यातील एका कुटुंबाने फार मोठी किंमत मोजली. उस्मानाबाद जिल्ह्यातील, आजच्या धाराशिवमधील, एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात तो मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. आयुक्ताने २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये व्याजासह दिले. अपघात कारखान्याबाहेर झाला या कारणाने उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी आयुक्ताचा निर्णय पुन्हा कायम केला. पहारेकऱ्याची नोकरी म्हणजे वेळेवर हजर असणे, आणि तो त्यासाठीच वाटेवर होता. हे ठरण्यास बावीस वर्षे लागली.

आता पाचव्या मागणीकडे परत यावयास हवे. तिचे दोन भाग होते. जन्माच्या अपंगाची तरतूद व्हावी, हा दुसरा भाग. तो कमीअधिक प्रमाणात कायद्यात आला. बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, हा पहिला. १९२३ च्या कायद्याने तात्पुरत्या अपंगाला दर पंधरवड्यास मासिक पगाराचा चौथा हिस्सा आणि तोही पंधरा रुपयांच्या मर्यादेत देऊ केला होता. पंधरा रुपयांची मर्यादा पुढे गेली. दहा दिवसांची अट सातांवर आणि नंतर तीन दिवसांवर आली. दर मात्र तोच राहिला, आणि नव्या संहितेतही पंधरवड्याला पगाराचे पंचवीस टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, हाच हिशेब आहे. परळच्या सभेने १८८४ साली पूर्ण पगार मागितला होता.